कोर्टात आपली बाजू आपणच मांडायची, पण कोणत्या भाषेत?

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते दुकानांवरचे फलक, जमिनीचे उतारे, मराठी शाळांच्या घटत्या तुकड्या आणि ग्रामपंचायतीची इतिवृत्ते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या प्रश्नांवर आपण निवेदने दिली, मोर्चे काढले. २००४ साली महाराष्ट्र सरकारने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे सारे चालू असताना याच भाषेच्या प्रश्नाची एक बाजू मात्र कोणत्याही ठरावात येत नाही. ती घराच्या चार भिंतींतली समजली जाते म्हणून कदाचित. नवऱ्याने टाकलेली, पोटगीसाठी अर्ज केलेली, मुलाच्या ताब्यासाठी हेलपाटे घालणारी मराठी बाई ज्या न्यायालयात उभी राहते, तेथला कागद तिला वाचता येत नाही. नोटीस कन्नडमध्ये, अर्ज इंग्रजीत, हुकूम यांपैकी कशात तरी. गावात शिक्षकाची नोकरी करणाऱ्याकडे असे कागद वाचून घ्यायला माणसे येतातच. तोवर बहुतेक वेळा तारीख उलटून गेलेली असते.

गावोगावी या न्यायालयाबद्दल दोन समजुती ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. एक म्हणजे वकिलाशिवाय कोर्टाची पायरी चढता येत नाही. दुसरी, कौटुंबिक न्यायालयात वकील चालतच नाही. खरे काय ते पाहू.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. नवरा-बायकोचे, मुलांच्या ताब्याचे, पोटगीचे तंटे दिवाणी दाव्यांच्या रहाटगाडग्यातून बाहेर काढावेत, सामोपचाराला वाव द्यावा, पक्षकाराने आपले म्हणणे स्वतः साध्या शब्दांत सांगावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून त्याच्या १३ व्या कलमात म्हटले आहे की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा कोणाही पक्षकाराला हक्क म्हणून दावा करता येणार नाही. याचा अर्थ वकिलाला बंदी आहे असा नव्हे. न्यायालयाची परवानगी घेऊन वकील उभे राहतात आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तसेच चालते. त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे की न्यायासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय स्वतःहून एखाद्या कायदेतज्ज्ञाचे साहाय्य घेऊ शकते. असा तज्ज्ञ पक्षकाराचा वकील नसतो, तो न्यायालयाचा मित्र असतो. ‘मला वकील नाही, भाषा कळत नाही, कायदेतज्ज्ञाची मदत घ्यावी’ असा अर्ज देता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

बेळगाव शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. ज्या भागापर्यंत त्याची हद्द पोहोचत नाही तेथे घटस्फोटाचा दावा दिवाणी न्यायालयात आणि पोटगीचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. तेथे हे १३ वे कलम लागू होत नाही. तरीही आपली बाजू आपण मांडण्याची मुभा प्रत्येक पक्षकाराला तेथेही आहेच. तेव्हा वकील परवडत नाही म्हणून हक्क सोडून द्यावा, अशी स्थिती कोठेही नाही.

मोफत मदत म्हणजे केवळ वकील नव्हे

१९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद राज्यघटनेत आला आणि गरिबाला मोफत कायदेविषयक मदत देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यावरचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. बेळगावच्या न्यायालयाच्या आवारात ‘कानूनु सेवेगळ प्राधिकार’ असा कन्नड फलक दिसतो, तेच हे विधी सेवा प्राधिकरण. तालुक्याच्या न्यायालयात त्याची तालुका समिती असते. फलक वाचता न आल्याने त्याच्यासमोरून चार वेळा गेलेली बाई आत शिरत नाही, ही गोष्ट साधी दिसते, पण अनेकांचे काम तेथेच अडते.

या कायद्याच्या १२ व्या कलमात मदतीला पात्र कोण ते सांगितले आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कामगार, कोठडीत असलेले यांबरोबरच ‘स्त्री किंवा बालक’ असे तेथे स्वच्छ नमूद आहे. स्त्रीच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. नवरा नोकरदार आहे, माहेरी चार एकर ऊस आहे, म्हणून मदत मिळणार नाही असे कोणी सांगितले तर ते खोटे समजावे. उत्पन्नाची मर्यादा इतरांसाठी आहे. म्हणजे बायकोने दावा लावलेला एखादा गरीब शेतमजूर नवरासुद्धा उत्पन्नाच्या निकषावर ही मदत मागू शकतो. पात्रतेसाठी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे असे १३ वे कलम सांगते, त्यावर अविश्वास दाखवायचा तर तसे कारण असले पाहिजे.

आपला लेखाचा विषय मात्र यापुढचा आहे. मोफत मदत म्हणजे सरकारी खर्चाने एक वकील मिळणे, एवढाच अर्थ लोक घेतात. मग कोणी म्हणते, ‘फुकटचा वकील काय काम करणार?’ आणि तो दरवाजा कायमचा बंद होतो. कायद्यातली व्याख्या त्याहून मोठी आहे. खटला चालवताना लागणारी कोणतीही सेवा आणि कोणत्याही कायदेविषयक बाबीवर सल्ला, या दोन्ही गोष्टी ‘विधी सेवे’त येतात. अर्ज व कैफियत तयार करणे, कोर्ट फी व समन्सचा खर्च, नकला काढणे आणि कागदपत्रांचे भाषांतर करून देणे, हे सारे त्यात मोडते. सीमाभागातील मराठी पक्षकाराने यातला शेवटचा शब्द नीट लक्षात ठेवावा. भाषांतर ही कोणी केलेली मेहेरबानी नव्हे, मोफत मदतीचाच तो भाग आहे.

तेव्हा बाई न्यायालयात स्वतः बोलणार असली तरी प्राधिकरणाकडून अर्ज लिहून घेऊ शकते. समोरच्याची कैफियत आली की तिचे मराठी भाषांतर मागू शकते. साक्षीच्या तारखेआधी, काय विचारतील, कोणते कागद हवेत, याचा सल्ला घेऊ शकते. पुढे प्रकरण अवघड झाले, उलटतपासणीची वेळ आली, की त्याच टप्प्यावर वकील मागू शकते. माझे मत विचाराल तर पोटगीच्या साध्या अर्जात बाईने स्वतः बोलावे, ती आपल्या घरखर्चाचा हिशेब वकिलापेक्षा चांगला सांगते. मुलाच्या ताब्याचा किंवा घटस्फोटाचा वाद असेल तर मात्र एकटीने उलटतपासणी घेण्याच्या फंदात पडू नये.

अर्ज तोंडीही देता येतो. लिहिता न येणाऱ्याचे म्हणणे तेथील सचिवाने किंवा अधिकाऱ्याने ऐकून उतरवून घ्यावे असे २०१० च्या विनियमांत सांगितले आहे. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हावा अशी त्यात मुदत आहे. नकार मिळाला तर अध्यक्षांकडे अपील करता येते. पॅनेलवरील अमुक एक वकील हवा अशी इच्छा अर्जदाराने सांगितल्यास ती विचारात घेता येते. ‘मला मराठी समजणारा वकील हवा’ हे वाक्य म्हणून अर्जातच लिहावे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी जाणणाऱ्या वकिलांची काही वानवा नाही. पॅनेलवरील वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नसतो. कोणी ‘टायपिंगचे द्या, चहापाण्याचे द्या’ म्हणाले तर त्याची तक्रार त्याच कार्यालयात लेखी करावी. मात्र एक पथ्य पाळावे. मोफत वकील मिळालेला असताना परस्पर दुसरा खासगी वकील नेमला तर मिळालेली मदत काढून घेतली जाऊ शकते.

जबानी मराठीत, नोंद दुसऱ्याच भाषेत

आता भाषेकडे येऊ. कनिष्ठ न्यायालयाची भाषा कोणती, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३७ व्या कलमानुसार राज्य सरकार ठरवते. आपल्याकडे ती कन्नड आहे आणि तिच्याबरोबर इंग्रजी चालते. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे ती मराठी आहे. त्या कलमातच असेही म्हटले आहे की इंग्रजीत लिहिलेला कागद ज्या पक्षकाराला कळत नाही, त्याने मागणी केल्यास न्यायालयाच्या भाषेतील भाषांतर द्यावे. गंमत अशी की ते भाषांतर कन्नडमध्ये मिळणार! इंग्रजी न कळणाऱ्या मराठी बाईला कन्नड कागद मिळाला, तर कायद्याचे पालन झाले, पण बाई होती तेथेच राहिली. ही पोकळी विधी सेवेतील भाषांतराने भरून काढायची असते.

जबानीच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. संहितेच्या १८ व्या आदेशातील ६ वा नियम असा की साक्ष एका भाषेत दिली आणि ती दुसऱ्या भाषेत उतरवून घेतली, आणि साक्षीदाराला ती दुसरी भाषा कळत नसेल, तर उतरवलेली साक्ष त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे. कौटुंबिक न्यायालयात शब्दन्‌शब्द उतरवण्याची गरज नसते. न्यायाधीश साक्षीचा सारांश टिपतात आणि १५ व्या कलमाप्रमाणे त्यावर साक्षीदाराची सही घेतली जाते. सारांश म्हटला की निवड आली, आणि निवडीत एखादा महत्त्वाचा तपशील गळू शकतो. ‘तो दोन वर्षे पैसे पाठवत होता, मग बंद केले’ याचे ‘पतीने पैसे पाठवले’ एवढेच उरले तर सारा दावा लंगडा होतो. म्हणून सही करण्यापूर्वी ‘मला वाचून, मराठीत सांगा’ असे म्हणावे. कन्नडमध्ये ‘ओदि हेळ्रि’ म्हटले तरी पुरते. यात न्यायालयाचा अवमान होत नाही. सही मराठीत करणारी बाई मराठी जाणते हे न्यायालयालाही त्यावरून कळते, तेव्हा सही मराठीतच करावी.

मराठी आणि कन्नड शेजारच्या भाषा असल्याने आणखी एक फसगत होते. शब्द ओळखीचा दिसतो, अर्थ वेगळा असतो. कन्नड ‘तकरारु’ म्हणजे कोर्टात बहुधा समोरच्याने घेतलेली हरकत. आपली माणसे ‘तक्रार’ समजून ‘मी तर तक्रार केलीच आहे’ म्हणून गप्प बसतात, आणि हरकत दाखल करण्याची तारीख निघून जाते. पोटगीला तेथे ‘जीवनांश’ म्हणतात, घटस्फोटाला ‘विच्छेदन’. हे कळण्यासारखे आहेत. पण ‘राजी’ हा शब्द सर्वांत महागात पडणारा. आपल्याकडे राजी म्हणजे खुशी, तयारी. कन्नड कोर्टाच्या कागदात ‘राजी’ म्हणजे तडजोड. ‘राजी आहात का?’ या प्रश्नाला ‘नांदायला राजी आहे’ अशा अर्थाने मान हलवणारी बाई आणि तिच्यापुढे आलेला तडजोडीचा मसुदा, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे!

हे अंतर महागात का पडते तेही सांगितले पाहिजे. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येते. आपल्या भागासाठी ते धारवाडच्या खंडपीठाकडे जाते. परंतु संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील नाही, असे १९ वे कलम सांगते. लोकअदालतीतील निवाडा तर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर कोणत्याही न्यायालयात अपील नसते. लोकअदालत चांगली आहे, वर्षानुवर्षांचे तंटे तेथे एका दिवसात मिटतात, भरलेली कोर्ट फी परत मिळते, याबद्दल दुमत नाही. पण एकरकमी अमुक रक्कम घेऊन पुढील सर्व पोटगीचा हक्क सोडला, असे एक वाक्य त्या मसुद्यात असते आणि नेमके तेच वाक्य मराठीत कोणी सांगत नाही. मसुदा घरी न्यायला मागावा. मागणीला नकार मिळाला तर त्या दिवशी सही करू नये. लोकअदालतीत तडजोड न झाल्यास प्रकरण पुन्हा मूळ न्यायालयात चालते, त्यामुळे काही गमावले जात नाही.

माहेरचे नाव, सासरचे नाव

शाळेच्या दप्तरात वर्षे काढलेल्या माणसाला आणखी एक अडचण चटकन दिसते, ती नावांची. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल अजून आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नपत्रिकेवर दुसरे, सासरच्या रेशनकार्डावर तिसऱ्याच स्पेलिंगचे. त्यात मराठी शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजी-कन्नडमध्ये. कन्नड लिपीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत आलेले आडनाव मूळ आडनावाला ओळख देत नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणतो की ही अर्जदार आणि दाखल्यातील व्यक्ती एकच कशावरून? मग ओळख पटवण्यातच तारखा जातात.

याला तोड सोपी आहे आणि ती अर्जाच्या पहिल्या पानावरच करता येते. माहेरचे संपूर्ण नाव, ‘उर्फ’ घालून सासरचे नाव, आणि कागदोपत्री आलेली इतर रूपे तेथेच लिहावीत. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे. मुलाच्या शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा यात फार उपयोगी पडतो, कारण त्यात आईचे नाव, राहण्याचे गाव आणि दाखल करण्याची तारीख असते. मूल कोणाकडे राहत आहे याचा तो पुरावा होतो. मुख्याध्यापकांनी असा उतारा मागणाऱ्या आईला ‘वडिलांना घेऊन या’ म्हणून परत पाठवू नये, ही माझी आपल्या व्यवसायबंधूंना विनंती. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या बाबतीत १४ व्या कलमाने मोकळीक दिली आहे. तंटा सोडवायला उपयोगी वाटेल असा कोणताही कागद, मग तो पुरावा कायद्याच्या काटेकोर चौकटीत बसो न बसो, ते पाहू शकते. बँकेचे पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी, मोबाईलवरील संदेश, काहीही टाकून देऊ नये.

सीमा ओलांडून दिलेल्या मुली

आपले सोयरेसंबंध राज्याची सीमा पाहत नाहीत. खानापूरची मुलगी चंदगडात, निपाणीची कागलात, बेळगाव तालुक्यातली गोव्यात. मग वाद झाला तर दावा कोठे चालणार? हिंदू विवाह कायद्याच्या १९ व्या कलमात २००३ साली एक दुरुस्ती झाली. तिच्यामुळे पत्नी अर्जदार असेल तर अर्जाच्या वेळी ती जेथे राहते तेथील न्यायालयातही तिला दावा लावता येतो. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली होत असे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आले आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुला असून बायको राहते त्या जिल्ह्यात करता येतो. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालीही, ती तात्पुरती राहत असेल त्या गावच्या दंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

समजा, खानापूर तालुक्यातील मुलगी चंदगड तालुक्यात दिली, शेवटचा संसार तेथे झाला आणि आता ती माहेरी आहे. तिला दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे आहेत. एका बाजूला कन्नड न्यायालय, पण घरापासून एका एसटीच्या अंतरावर. दुसऱ्या बाजूला मराठी न्यायालय, पण सासरच्या मुलखात. भाषेसाठी पलीकडे जावे असे सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. भाषांतर मोफत मिळू शकते, दर महिन्याला लहान मूल घेऊन घाट उतरण्याचे कष्ट कोणी वाटून घेत नाही. जेथे प्रत्येक तारखेला हजर राहता येईल तेच न्यायालय निवडावे. भावाच्या किंवा मामाच्या घरी पलीकडेच राहणार असेल तर गोष्ट वेगळी. तिकडचे अपील आता मुंबईला न्यावे लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. गोव्यात दिलेल्या मुलींबाबत मात्र सावध राहावे. तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, लग्नाची नोंदणी आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेचे नियम वेगळे आहेत. अर्ज करण्याआधी गोव्याच्या प्राधिकरणाचा सल्ला घेतलेला बरा.

नवऱ्याने आधीच पलीकडे दावा लावला असेल तर तो आपोआप इकडे येत नाही. एका राज्यातील दिवाणी दावा दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा अधिकार संहितेच्या २५ व्या कलमाप्रमाणे फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. हे ऐकूनच माणसे खचतात. पण तेथेही सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती आहे आणि स्त्रीला तिचीही मदत मोफत मिळते. तोवर पलीकडच्या नोटिशीकडे दुर्लक्ष मात्र करू नये. गैरहजेरीत एकतर्फी निकाल होतो.

पोटगीचा हुकूम झाल्यावरचा एक भाग सीमाभागाला विशेष उपयोगी आहे. हुकुमाची नक्कल अर्जदाराला मोफत मिळते आणि नवरा देशात जेथे कोठे असेल तेथील दंडाधिकारी त्याची अंमलबजावणी करू शकतो, असे नव्या संहितेचे १४७ वे कलम आहे. बेळगावचा हुकूम घेऊन इचलकरंजीत नोकरी करणाऱ्या नवऱ्यावर तेथेच वसुली लावता येते. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवे असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणून दोन वर्षे थांबणाऱ्या बायकांचे पहिल्या वर्षाचे पैसे या वाटेने हाती येत नाहीत.

मूळ अर्ज निकाली निघेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दात पुष्कळ तारखा सामावतात, हे कोर्टाच्या बाकावर बसलेल्यांना सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न व कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. आधी दुसरीकडे पोटगीचा अर्ज केला असेल तर तो लपवू नये असेही त्यात आहे. हे प्रतिज्ञापत्र अनेक पानांचे असते. बाईने एकटीने ते भरण्याचा प्रयत्न करू नये. प्राधिकरणाची मदत घेण्याची खरी जागा हीच. नवऱ्याचे प्रतिज्ञापत्र आले की त्याचेही मराठी भाषांतर मागून घ्यावे. त्याची शेती किती, दूध डेअरीचा हिशेब किती, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, कागदावर ते शून्य दिसले तर त्याच ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे.

समित्यांनी काय मागावे

राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याला किंवा प्राधिकरणाला, राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या भाषेत देता येते. न्यायालयातील दाव्यापर्यंत तो ताणता येणार नाही, पण विधी सेवा प्राधिकरणाकडे मराठीत अर्ज देताना त्याचा आधार जरूर घ्यावा. भाषिक अल्पसंख्याक लोकवस्तीच्या १५ टक्के किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या कायद्यांचा व नियमांचा सारांश त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावा, हे तत्त्वही देशाने मान्य केलेले आहे. मोफत कायदेविषयक मदतीची माहिती यात बसत नाही असे कोण म्हणेल? तेव्हा प्राधिकरणाच्या कार्यालयाबाहेर मराठी फलक, मराठी अर्जाचा नमुना, समुपदेशकांत मराठी जाणणारी एक तरी व्यक्ती आणि पॅनेलवर भाषांतरकार, या चार मागण्या प्रत्येक गावच्या समितीने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्याव्यात. यासाठी मोर्चा लागत नाही. पोचपावती मात्र घ्यावी. कन्नड भाषेशी यात काही वैर नाही, कन्नड भाषक बाईला कोल्हापूरच्या न्यायालयात हीच अडचण येते आणि तिचा हक्कही हाच आहे.

दुसरे काम गावातच होणारे आहे. प्राधिकरण गावोगावी विधी स्वयंसेवक नेमते, त्यांना प्रशिक्षण देते. अर्ज भरून देणे, बाईला कार्यालयापर्यंत नेणे, कागद कोणाकडे द्यायचा ते दाखवणे, हे त्यांचे काम. या योजनेत शिक्षकांना, निवृत्त शिक्षकांनाही, आणि अंगणवाडी सेविकांना जागा आहे. मराठी, कन्नड दोन्ही वाचता येणारी निवृत्त मास्तर-बाई मंडळी आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांची नावे समितीने सुचवावीत. तोपर्यंत ज्यांच्या हाती नोटीस पडली आहे त्यांनी १५१०० या क्रमांकावर फोन करावा, तो मोफत आहे. फोनवर पहिले वाक्य ‘मला मराठीत बोलायचे आहे’ हे असावे. नोटिशीवरील तारीख आणि त्यावर छापलेला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक हाताशी ठेवावा, म्हणजे पुढची तारीख कोणती ते कोणालाही शोधून देता येते.